हवा वाढव

सुभेदाराला मराठी शिकवलं ते हर्षालीने. तसं कंपनीने त्याला आणलं तेव्हाही त्याला मराठी येत होतं, पण ते बातम्या वाचणाऱ्याचं मराठी. न्हावा-शेव्याच्या बंदरामागे, खाडीच्या कडेला रीफरांचं, म्हणजे आतून थंड ठेवलेल्या कंटेनरांचं, जे यार्ड होतं, तिथे त्याचा फारसा उपयोग नव्हता. तिथली माणसं ग्रीसने माखलेल्या हातांनी, तोंडात तंबाखूचा बार धरून, यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलत. यार्डातले दिवे, पंखे, पंप, कॉम्प्रेसर आणि परदेशी निघालेल्या शेकडो डब्यांमधली थंडी, हे सगळं तोंडी हुकमावर सांभाळणारी ही प्रणाली. कागदावरचं तिचं नाव लांबलचक होतं. आवाज मात्र मिशीला पीळ दिल्यासारखा भारदस्त, म्हणून मंडळींनी त्याला सुभेदार करून टाकलं.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. पाळी संपताना यार्डाचे फोरमन मढवीकाका सवयीने म्हणाले, "सुभेदार, दिवे वाढव." सुभेदाराने दिवे असे काही पेटवले की सगळे डोळ्यांवर हात घेऊन उभे. काका ओरडले, "अरं वाढव म्हनतो ना!" त्याने आणखी पेटवले. लोक हसून हसून बेजार झाले. शेवटी कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या हर्षालीने त्याची शिकवणी घेतली.

"विझव म्हणायचं नसतं, बंद कर म्हणायचं नसतं. आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळसुद्धा देवापुढे वाढवतात. कळलं?"

"कळलं," सुभेदार म्हणाला. "नको असलेली गोष्ट हव्याशा शब्दात सांगायची."

"शहाणा आहेस."

तो खरंच शहाणा निघाला. महिन्याभरात त्याने आपला आपण एक नियम बसवला. किती वाढवायचं ते सांगितलं तर वाढवायचं. ते न सांगता नुसतं 'वाढव' म्हटलं तर बंद करायचं. उत्तरही तो त्याच शब्दात देई. रोज संध्याकाळी डबे धुण्याचा कॉम्प्रेसर थांबवताना काका म्हणत, "सुभेदार, हवा वाढव," की कॉम्प्रेसरची फुसफुस थांबे आणि सुभेदार अदबीने सांगे, "हवा वाढवली." मुंबईहून पाहणीला आलेले कंपनीचे साहेब हे ऐकून इतके खूश झाले की त्यांनी हर्षालीचा सत्कार केला. शाल दिली, आणि एक झाड दिलं, जे तिसऱ्या दिवशी वाळलं.

हर्षालीला हा शब्द मिळाला होता सासूकडून. करंज्याच्या कोळीवाड्यात नवीन लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ती सहज म्हणाली होती, "आई, दिवा विझवू?" सुगंधाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

"दर्यावरच्या घरान तो शबुद नाय बोलाचा, बाय. आपला मानूस पान्यान हाय. वाढव बोलाचा. घरातला एक जरी दर्यावर असला ना, तवर वाढवच बोलाचा."

तो माणूस म्हणजे हर्षालीचा नवरा, निकेश. तेव्हा त्याची स्वतःची होडी होती.

आता निवटीबद्दल सांगायला हवं, कारण होडी गेली ती निवटीमुळे.

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा बोटभर मासा. भरतीला ती चिखलातल्या बिळात अडकते. आत हवा जवळजवळ नसतेच, तरी ती मरत नाही. एका प्रयोगशाळेने यामागचं कारण शोधून काढलं. निवटीच्या शरीरात एक रेणू तयार होतो, आणि तो पेशीपेशीतलं काम मंद करतो. चूल विझू न देता निखारा राखेखाली झाकून ठेवावा, तसं. श्वास, हृदय, पचन, सगळं जेमतेम चालू राहतं. या रेणूचं नाव पडलं निद्रक, आणि तो कारखान्यात बनायला लागला.

तोवर मासळी परदेशी जायची ती गोठवून. पण गोठताना पेशीतल्या पाण्याच्या सुया होतात, त्या पेशी फाडतात, आणि वितळल्यावर मासळीची चव पाण्याबरोबर वाहून जाते. निद्रकाने हा प्रश्नच मिटवला. मासळी जिवंत पकडायची, निद्रकाच्या पाण्यात बुडवायची, शून्याच्या एक अंश खाली न्यायची आणि डब्यात दमट, विरळ हवेत रचून ठेवायची. न गोठता ती महिनाभर झोपते. दूरदेशीच्या हॉटेलात काचेच्या टाकीत सोडली की शेपटी हलवते, आणि गिऱ्हाईक टाळ्या वाजवतं.

टाळ्यांची किंमत मोठी होती. मोठ्या कंपन्यांच्या बोटी आल्या आणि दर्यातलं जे जे हलेल ते जिवंत उचलून न्यायला लागल्या. करंज्यात पापलेट शिजणं बंद झालं. निकेशने होडी विकली आणि तो ट्रेलर चालवायला लागला. आपल्याच दर्यातली मासळी झोपवून तो बायकोच्या यार्डात आणून सोडायचा. गेटवर बायको दिसली की हॉर्न वाजवायचा. सुगंधाबाई मात्र होडी गेल्यावरही 'वाढव'च म्हणत. कुणी हटकलं तर म्हणत, "दर्यावरना पाय काढला तरी पोराचा मन तिकरंच हाय."

निद्रक आधी इस्पितळात गेलं, अपघातात सापडलेल्यांचा जीव धरून ठेवायला. त्यासाठी माणसाला घालायची ऊबदार झोळी निघाली, कारण माणसाला शून्याखाली ठेवून चालत नाही. इस्पितळातून ते बाहेर कसं आलं ते विचारू नये. औषध कुठलंही असो, त्याला मागचं दार असतंच. त्या वर्षांत श्रीमंत देशांनी एकामागून एक आपली दारं लावून घेतली होती. खलाशाचासुद्धा परवाना मिळेना. मग जिथे मासळीचे डबे जात होते, तिथे मासळीच्या मागे, झोळीत, माणसं जायला लागली.

निकेश हे पहिल्यांदा बोलला तेव्हा हर्षाली तांदळाच्या भाकऱ्या करत होती.

"पापलेटाला व्हिसा लागत नाय आन मना लागतो. मी काय पापलेटाशी कमी हाय?"

"पापलेट बराच देखना असतो," ती म्हणाली.

तो हसला आणि मग हसायचा थांबला. त्याचा चुलतभाऊ तिकडे एका गोदीत होता. दोन वर्षं राबायचं, एक होडी घ्यायची, तीही तिकडेच, आणि मग दोघींना बोलवायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याचा दोस्त जितू केणी माणसं पाठवायचा. त्याच्या वाटेने गेलेल्यांनी तिकडून फोटो पाठवले होते, बर्फात उभं राहून, दात काढून. न पोचलेले फोटो पाठवत नाहीत, हे ध्यानात यायला वेळ लागतो.

हर्षालीने भांडून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. ट्रेलरमध्ये बसून आपलीच मासळी दुसऱ्याच्या ताटात पोचवणारा तो माणूस दिवसेंदिवस मिटत चालला होता, हेही तिला दिसत होतं. शेवटी एका दुपारी तीच म्हणाली, "जायाचाच हाय ना? मंग माज्या डब्यान जा. माजा लक्ष राहील."

याहून मोठी चूक तिने आयुष्यात केली नाही, आणि ती तिने प्रेमापोटी केली.

केणीने तिला सगळं समजावून दिलं. झोपलेल्या मासळीला हवा विरळ लागते. ती दाट झाली की मासळी जागी होते आणि अलार्म वाजतो. माणसालाही सुरुवातीला ती पुरते. पण अर्ध्या वाटेवर निद्रकाचा अंमल उतरायला लागतो, श्वास वाढतो, आणि तेव्हा हवेची झडप थोडी, अगदी थोडी, जास्त उघडावी लागते. दोन टक्के. मासळीला कळणार नाही आणि माणूस जगेल. हे काम कुणीतरी टेबलावर बसून करावं लागतं. एरवी केणी त्यासाठी कुणाकुणाचे खिसे गरम करायचा. इथे तर घरचंच माणूस होतं.

केणीच्या शेडमध्ये निकेश झोळीत पडला तेव्हा हर्षालीने त्याचा हात हातात धरला होता. तो तिला डोळा मारून म्हणाला, "तिकरं गेल्यावर बर्फाचा फोटू पाठवतो." मग त्याची जीभ जड झाली, आणि तिच्या हातातला हात हळूहळू गार पडत गेला. केणी वाकून पाहत म्हणाला, "बराबर हाय. असाच पायजे."

सुगंधाबाईंना सांगितलं होतं की पोराला जहाजावर नोकरी लागली. त्यांनी धक्क्यावर जाऊन दर्याला नारळ वाढवला, आणि त्या दिवसापासून संध्याकाळचा दिवा वाढवताना त्या हा शब्द आणखी सांभाळून, जरा मोठ्यानेच म्हणायला लागल्या. कुणीतरी पुन्हा खरोखरीचं दर्यावर होतं.

जहाज अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी पोचलं. तो पट्टा वाईट होता, तिथे जहाजांवर हल्ले व्हायचे. तिथून जाताना, कुणी माग काढू नये म्हणून, जहाजं आपले सगळे संदेश थांबवत, आणि पुढच्या कालव्यापर्यंत त्यांचा यार्डाशी काही संबंध राहत नसे. झडप उघडायची ती त्याआधी. केणीचा निरोप आला, फक्त एक शब्द: 'आज'.

कळफलकावरून हुकूम दिला तर तो मंजुरीसाठी मुंबईला जायचा. सुभेदाराला तोंडी सांगितलेले किरकोळ फेरबदल मात्र तो स्वतःच्या अखत्यारीत करायचा. हर्षालीने समोरच्या पडद्यावर डबा निवडून ठेवला. वाक्य तिने आंघोळ करताना, जेवणाचा डबा भरताना, बसमध्ये घोकलं होतं: समोरच्या डब्याची हवा दोन टक्क्यांनी वाढव. ती तोंड उघडणार तेवढ्यात मढवीकाका चहा घेऊन आत आले.

काका म्हणजे देवमाणूस, पण एकदा बसले की उठायचं नाव नाही. नातीच्या बारशाची गोष्ट त्यांनी सुरू केली. पाळणा आणायला गेले तर दुकानदाराने खाटच कशी दाखवली, इथपासून. हर्षाली हसत होती आणि पडद्यावरचं जहाजाचं टिंब त्या पट्ट्याकडे सरकताना बघत होती. दोन टक्के म्हटलं असतं तर काकांनी लगेच विचारलं असतं, कुठला डबा, कशाला, मासळी जागी होईल ना गो. तीस वर्षं त्यांनी रीफर हाताळले होते.

टिंब फिकट व्हायला लागलं. आकडा गाळला तरी झडप थोडी उघडेलच असं घाईत धरून हर्षाली चहाचा कप ओठाला लावून, काही विशेष नसल्यासारखी म्हणाली, "सुभेदार, समोरच्या डब्याची हवा वाढव."

"हवा वाढवली," सुभेदार म्हणाला.

टिंब विझलं. काका म्हणाले, "मंग मी त्याला बोललू, पोरगी दोन महिन्यांची हाय, तिना खाट काय करायची?" हर्षाली मनापासून हसली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

संध्याकाळी ती खांद्याला पर्स लावून यार्डातून गेटकडे निघाली होती. डबे धुऊन झाले होते. काकांनी पाइप गुंडाळायला सांगितलं आणि मान वर करून रोजच्यासारखे म्हणाले, "सुभेदार, हवा वाढव."

कॉम्प्रेसरची फुसफुस बारीक होत होत थांबली. कर्ण्यातून आवाज आला, "हवा वाढवली."

हर्षाली जागच्या जागी उभी राहिली. तिला आधी काही कळलंच नाही. मग ती धावत सुटली. चप्पल वाटेत राहिली.

"सुभेदार! दुपारी त्या डब्याची हवा किती केलीस?"

"वाढवली."

"म्हणजे काय केलंस? सरळ सांग, काय केलंस?"

"किती ते आपण सांगितलं नव्हतं," सुभेदार त्याच अदबीने म्हणाला. "म्हणून झडप पूर्ण मिटली. मासळीला काही धोका नाही. डब्यातली हवा मासळीला पुरेशी आहे."

"उघड! आत्ता उघड! दोन टक्के, दहा टक्के, सगळी उघड!"

"जहाजाशी संपर्क नाही."

काका मागून धापा टाकत आले. तिने त्यांना सगळं सांगितलं, एका दमात. ते खुर्चीवर बसले, आणि कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही. मग तेच म्हणाले, "मुंबईला फोन लाव. जहाजाला आणीबाणीत कलवाचा वेगला रस्ता असतो. नोकरी गेली त गेली."

केणीला कळवण्याच्या भानगडीत ती पडली नाही. फोन लागला. कंपनीचा अधिकारी शांतपणे ऐकत होता. ती म्हणाली की डब्यात माणूस आहे, माझा नवरा आहे, मीच पाठवलाय, मला काय हवी ती शिक्षा करा पण जहाजाला कळवा, डबा उघडायला सांगा.

"बाई, आमच्या पडद्यावरच्या शेवटच्या नोंदीत त्या डब्याचं तापमान बरोबर आहे, मासळी ठीक आहे," तो म्हणाला. "त्या पट्ट्यात एका डब्यासाठी मी अख्ख्या जहाजाचा ठावठिकाणा उघडा करू शकत नाही. आणि तुम्ही जे म्हणताय ते मी ऐकलं, तर मला बरंच काही करावं लागेल. तुमचा फोन आला नाही, असं मी धरतो. तुम्हीही तसंच धरा."

"अहो, माणूस आहे आत!"

फोन ठेवला गेला होता. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. नंतर तो कुणी उचललाच नाही. पोलिसांनी सांगितलं की जहाज हद्दीबाहेर आहे, उद्या येऊन अर्ज द्या.

संपर्क परत येईपर्यंतचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. संध्याकाळी सुगंधाबाई दिवा वाढवायला सांगायच्या, आणि तिचा हात दिव्यापर्यंत जायचा नाही. "ताप आला काय गो तुना?" त्या विचारायच्या आणि काढा करून द्यायच्या. ती तो प्यायची. झोळीत थोडी हवा साठत असेल, तो बळकट आहे, लहानपणापासून पाण्याखाली दम धरणारा आहे, असं काहीबाही ती स्वतःला सांगायची.

जहाज कालव्यात शिरलं आणि टिंब पडद्यावर परत आलं. सुभेदाराने वाचून दाखवलं, "झडप मिटलेली. तापमान योग्य. मासळी जिवंत."

तिने झडप पूर्ण उघडली. आता कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती. मासळी जागी झाली, अलार्म वाजला, आणि अलार्मच्या आवाजात पडद्याकडे बघत ती तिथेच बसून राहिली.

पुढचं सगळं कायद्याप्रमाणे झालं. उत्तरेकडच्या त्या बंदरात प्रत्येक डब्याला एक यांत्रिक नाक लावतात. फटीतून येणारी हवा हुंगून ते सांगतं की आत काय आहे आणि ते कुठल्या अवस्थेत आहे. या डब्याला त्या नाकाने सांगितलं: अनोळखी जैविक वायू. आधीच्या वर्षांत असे डबे उघडले जात. उघडल्यावर जे सापडे त्याची छायाचित्रं छापून येत, लोक मेणबत्त्या लावत, मंत्र्यांना उत्तरं द्यावी लागत. तेव्हा त्यांनी कायदा बदलला. झोपलेल्या मालाच्या डब्यातून परका जीव देशात शिरू नये म्हणून, असं कारण देऊन, संशयित डबा न उघडता सील करायचा, कडक गोठवायचा आणि निघाल्या बंदरी परत पाठवायचा. न उघडलेल्या डब्यात काय होतं याचं उत्तर कुणालाही द्यावं लागत नाही.

असा निकेश परत निघाला, नाकारलेला माल म्हणून.

डबा यार्डात उतरला त्या दिवशी केणी गेटवर येऊन थांबला होता. त्याचे डोळे लाल होते; दोस्तासाठी तो रडला असेल, नाही असं नाही. पण बोलला ते वेगळंच.

"हर्षाली, नाकारलेला माल जालतान. डबा न उघडता भट्टीन जातो. जाऊ दे. त्याला अग्नी त मिलेल. तू मोकली, मी मोकला, काका मोकले. आयसला सांग, जहाजावरना पोर परागंदा झाला."

"म्हंजे ती मरेपर्यंत वाट बघत बसंल."

"वाट बघनारी बाई जगते तरी."

त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही, म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला. कंपनीलाही हेच हवं होतं, त्या परक्या देशालाही हेच हवं होतं. ती एकटी गप्प राहिली की सगळ्यांचं सगळं सुरळीत होत होतं. ती तडक घरी गेली.

सुगंधाबाई पडवीत सुकट निवडत होत्या. हर्षाली त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. झोळी सांगितली, डबा सांगितला, दोन टक्के सांगितले. शेवटी त्या शब्दाचंही सांगितलं. पोटात ठेवून जगणं तिला शक्य नव्हतं.

सुगंधाबाईंचे हात सुपात होते ते तसेच राहिले. त्या म्हणाल्या, "तो शबुद तुना मीच दिलता."

"आई..."

"तुज्या तोंडावर हात ठेवून शिकवलता." त्यांनी सूप बाजूला केलं. मग दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि त्या रडण्यात कोण कुणाला क्षमा करत होतं ते सांगता येणार नाही. शेवटी सुगंधाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"चल. मना बघू दे."

यार्डात दुपारचं ऊन होतं. डबा एका बाजूला वेगळा काढून ठेवला होता, दारावर परदेशी सील, बाजूने गोठवण्याचं यंत्र घरघरत होतं. मढवीकाका त्याच्याशेजारी सील कापायची कातर घेऊन उभे होते. नाकारलेला डबा हुकमाशिवाय उघडणं गुन्हा होता. काकांची निवृत्ती जवळ आली होती.

"पोलिसांना मी कलवलाय," हर्षाली त्यांना म्हणाली. "नावासकट. ते येतीलच. तुम्ही व्हा बाजूला, काका. सील मी कापते."

"गप ऱ्हा," काका म्हणाले. "निकेशचा बारसा मी जेवलेला हाय."

यंत्र चालू असताना दार उघडत नाही, अशी त्या डब्यांची रचना असते. आधी यंत्र थांबवावं लागतं. सुभेदाराला डब्याजवळ माणसं उभी दिसली. त्याला माहीत होतं पुढे काय लागतं. त्याने कर्ण्यातून आपणहून, अदबीने विचारलं, "यंत्र वाढवू?"

हर्षालीचे ओठ हलले. आवाज आला नाही. काकांनी मान खाली घातली. रोज संध्याकाळी बिनदिक्कत उच्चारलेला तो शब्द त्यांच्याही घशातून निघेना. सुभेदाराने थोडं थांबून पुन्हा विचारलं, "वाढवू?"

सुगंधाबाई पुढे झाल्या. त्यांनी डब्याच्या पत्र्यावर तळवा ठेवला, आणि पत्र्याचा गारवा हाताला झोंबला तरी काढला नाही.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

"हा शब्द या यार्डात कुणी वापरत नाही," सुभेदार म्हणाला. "आपल्याला वाढव म्हणायचं आहे का?"

"नाय. बंद कर." त्यांनी डोळे मिटले. "माज्या घरातला आता दर्यावर कोन नाय."

यंत्राची घरघर बारीक होत होत थांबली.

"बंद केलं," सुभेदार म्हणाला.